सूर लावताना टाळ्या

माझा भाऊ इंद्रभान वाशीमला केशरीचंदशेठच्या रेडिओच्या दुकानात कामाला लागला आणि आमच्या अनसिंगच्या घरात अमेरिका शिरली. एकाहत्तर सालची गोष्ट. दुरुस्तीला आलेला एखादा ट्रान्झिस्टर तो टेस्टिंगच्या नावाखाली घरी आणायचा आणि अंगणात लिंबाखाली बसून इंग्रजी गाणी लावायचा. त्या विजेच्या गिटारी अशा कोकलायच्या, की म्हैस पान्हा चोरायची. आई ओरडायची आणि मी आईपेक्षा जोरात.

बा मात्र ट्रान्झिस्टरला कान टेकवून ऐकायचा. माझा बा, पुंजाजी, म्हणजे आमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीचा तबलजी. पेटीवर देवमनकाका असायचा आणि गायला मी. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.

"बा, या चौघायची पार्टी साऱ्या दुनियेत नावाजलेली," इंद्रभाननं एकदा सांगितलं. "मागच्या साली फुटली."

"कायनं?"

"पटलं नाई म्हनते आपसात."

"म्हंजे पेटीवाला आन गायक," बा ठामपणे म्हणाला. "पार्टी दुसऱ्या कायनं फुटतच नाई."

देवमनकाका तिथंच बसला होता. एरवी तो अशा बोलण्यावर उसळला असता, पण त्या दिवशी त्यानं नुसतं बाच्या कानाकडं पाहिलं. का, ते मला माहीत होतं.

बाचे कान जात होते. हात तसाच होता, पाण्यासारखा वाहणारा. पण कार्यक्रमाआधी हातोडीनं ठोकून तबला पेटीच्या सुरात लावायचा, तिथं तो चुकायला लागला होता. एका लग्नात मी एका सुरात आणि तबला दुसऱ्याच, असं झालं. लोकांनी तोंडं वेडीवाकडी केली. नंतर देवमनकाकानं मला पिठाच्या गिरणीपाशी गाठलं.

"वच्छले, येत्या कार्यक्रमात पुन्हा असं झालं त मी मालेगावच्या रूपलाले तबल्यावर बसवतो. माहा इलाज नाई."

मी त्याला चार शब्द सुनावले. मोठा काका असून सुनावले. पण घरी येऊन पीठ खाली ठेवताना रडू आलं, कारण तो खरं बोलत होता. बाच्या पुढ्यातून तबला उचलला तर माणूस खचेल, जेवणखाण सोडेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्याला तोंडावर सांगायची छाती कोणाची? माझी तर नव्हती.

अशात इंद्रभाननं एक बातमी आणली. फुटलेल्या पार्टीतल्या चौघांपैकी एकानं अमेरिकेत बंगालच्या निर्वासितांसाठी मोठा जलसा केला होता. सगळे केसाळ, गिटारवाले, पण सुरुवातीला बसवले आपल्याकडचे एक नामांकित सतारवादक. ते सतारीचे कान पिळून सूर लावत होते आणि लोकांना वाटलं हेच वादन! हजारो माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यावर ते हसून म्हणाले, सूर लावलेलाच एवढा आवडला, तर वाजवलेलं त्याहून आवडेल.

बा हसता हसता ठसक्यानं कासावीस झाला. "सूर लावल्याच्या टाळ्या! येडे हायेत का ते लोक?" पुढं महिनाभर त्यानं साऱ्या गावाला हा किस्सा ऐकवला. कोणी तंबाखू मागायला आलं तरी आधी अमेरिका, मग तंबाखू.

इंद्रभाननं हेच केशरीचंदशेठला ऐकवलं. शेठ माणूस भला, पण एकदा डोक्यात काही घुसलं की निघायचं नाही. "अमेरिकेत होते, मंग वाशीमात काहून नाई?" असं म्हणून त्यांनी धर्मशाळेच्या पटांगणात निर्वासितांसाठी कार्यक्रम ठरवला. आत यायचं तर एक चादर किंवा धडका कपडा द्यायचा. आणि गायला आमची पार्टी. "जसं तिकडं झालं तसंच इथं झालं पायजे," असं त्यांनी इंद्रभानला दहादा बजावलं.

मी बाला अडवायचा प्रयत्न केला. "बा, तुही तब्येत बरी दिसत नाई."

"मले काय धाड भरली?" असं म्हणून त्यानं सदऱ्याला नीळ घातली.

दिवाळीनंतरची दुपार होती, ऊन मऊ पडलं होतं. दाराशी चादरींचा ढीग माणसाच्या छातीला लागला होता. पुढच्या रांगेत शेठच्या आई पानाबाई, डोक्यावर पदर घेऊन. आणि मंचाच्या अगदी कडेला रूपला, मांडीवर तबल्याची पिशवी. देवमनकाकानं त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं.

माझा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. काकानं ती दाबून धरली आणि बा तबला ठोकू लागला. ठक, ठक. मग हातानं वाजवून बघायचा, पुन्हा ठक. सूर जवळ आला, आणि बानं तो ओलांडला. तबला चढतच गेला. काकानं पट्टी पुन्हा दाबली, आणखी जोरात भाता मारला. बा तबल्यावर वाकला, कान पार चामड्याला लावला. कपाळावर घाम. पटांगण चिडीचूप झालं. काकानं मान वळवून रूपलाकडं पाहिलं आणि रूपला पिशवीची नाडी सोडायला लागला.

तेवढ्यात केशरीचंदशेठ उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांच्या मागून अख्ख्या पटांगणानं. मी बघतच राहिले. नंतर कळलं, इंद्रभाननं गंमत म्हणून सांगितलेला किस्सा शेठनी रिवाज म्हणून घेतला होता आणि दारावर प्रत्येकाला ताकीद दिली होती, "तबला ठोकू लागले की टाळ्या वाजवाच्या. तिकडं वाजवल्या होत्या." पानाबाई तर सगळे थांबल्यावरही वाजवत होत्या.

बा दचकला. हातोडी हवेत थांबली. मग तो लाजल्यासारखा हसला आणि त्यानं ती खाली ठेवली. सूर लागला, असं त्यानं धरलं.

मी वाकून तबल्यावर टिचकी मारली. तबला माझ्या सुराच्या एक काळी पट्टी वर चढला होता. काळी पाच.

"काका, काळी पाच धरा," मी कुजबुजले.

"तुहा गळा फाटन, पोरी."

"फाटू द्या. धरा म्हनते ना!"

काकाचं बोट पुढच्या काळीवर सरकलं. मी गायला लागले, बानंच बांधलेलं गीत. अंतऱ्याला मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज पोचला. आणि बाचा हात त्या दिवशी काय सुटला होता! रूपलानं पिशवीची नाडी बांधली आणि तो मान डोलवत ऐकत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं परत निघालो. माझा घसा पार बसला होता. बा खिडकीशी बसून बाहेरची ज्वारी बघत होता. तो बाहेर बघतच म्हणाला, "देवमनचं बोट काळी पाचवर होतं."

मी ऐकू न आल्यासारखं पुढच्या बाकाकडं बघितलं.

"कान गेले माहे. डोळे हायेत अजून."

मला हुंदका आवरेना. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्या अमेरिकेतल्या लोकायले मी येडे म्हनलो. ते येडे नव्हते, वच्छले."

"काहून?" बसलेल्या घशानं मी त्याच्या कानात ओरडले, तशी अर्धी एसटी वळून बघायला लागली.

"सूर लावताना मानूस लय एकटा असते. लागन का नाई, याचं त्यालेच भेव. तवा कोनी टाळी देल्ली त बरं वाटते." मग त्यानं खिशातून हातोडी काढून माझ्या ओटीत टाकली. "आता सूर तू लावत जाय. मी वाजवतो."

"मले कुठं येते?"

"शिकवतो. आन पहिल्या खेपेले मी टाळ्या वाजवीन."

पुढच्या बुद्धजयंतीला अनसिंगात भर मंचावर मी तबला पुढ्यात ओढला आणि हातोडी उचलली. ठक, ठक. सारं गाव गप्प होतं आणि एकटा बा टाळ्या वाजवत होता, बहिऱ्या माणसानं वाजवाव्या तशा, मोठमोठ्यानं. मागं कोणीतरी म्हणालं, पुंजाजी येडा झाला. मी मान वर केली नाही. सूर अजून लागायचा होता.