टाचणीची सुट्टी

सुट्टी लागायला तीन दिवस उरले होते आणि शाळेच्या समुपदेशक बाई वर्गावर्गांतून एकच भाषण देत फिरत होत्या. सुट्टीत मन कसं सांभाळायचं, यावरचं. मुलं त्यांना गप्पाबाई म्हणत, कारण अख्ख्या शाळेत शिक्षा न होता गप्पा मारायची सोय फक्त त्यांच्याकडे होती. त्यांची खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत, आणि रबराचा वास अजून जायचं नाव घेत नव्हता.

सहावीच्या वर्गात भाषण संपलं तेव्हा मागच्या बाकावरून एक हात वर आला. काडीसारखी पोर, बोलायला लागली की टोचायची, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत.

"बाई, सुट्टी किती दिवसांची?"

"एक्केचाळीस."

"रविवार धरून?"

वर्ग खो खो हसला. टाचणी हसली नाही. तिने वहीच्या कोपऱ्यात तो आकडा लिहून घेतला.

मधल्या सुट्टीत ती जिन्याखालच्या खोलीत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. बाईंनी काही विचारलं नाही. गप्प बसणं हा त्यांच्या कामाचा निम्मा भाग होता.

"माझी आई उठत नाही," टाचणी म्हणाली.

आई शिवणकाम करायची. दोन वर्षांपूर्वी बाबा दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी राहायला गेले. तेव्हा काही दिवस आई रडली, मग पूर्वीपेक्षा जास्त शिवायला लागली. मग यंदाच्या थंडीत कधीतरी तिने मशिनवर चादर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आजारी नव्हती. ताप नव्हता. विचारलं की म्हणायची, "जरा पडते गं."

"मग रोज कशी उठते?" बाईंनी विचारलं.

टाचणी जरा घुटमळली. "मी खोटं बोलते. शाळेच्या डायरीवर रोज सही लागते म्हणून सांगते. नसेल तर बाहेर उभं करतात, असं. मग ती उठते. सही करायला टेबलापाशी यावं लागतं. टेबलापाशी मी चहा ठेवलेला असतो. चहा प्यायला की कधी कधी केससुद्धा विंचरते." ती थांबली. "सुट्टीत डायरीच नाही."

बाईंनी बावीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ ऐकलं होतं, पण अकरा वर्षांच्या पोरीने एकटीने उभं केलेलं असलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्या मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मुख्याध्यापिका निकालाच्या गठ्ठ्यांत मानेपर्यंत बुडाल्या होत्या.

"घरात खायला आहे?"

"आहे."

"मारहाण?"

"नाही."

"मग मी कागदावर काय लिहू? आई पडून असते, असं? अहो, सुट्टीत मीसुद्धा पडूनच असणार आहे." मग बाईंचा चेहरा बघून त्या जरा मऊ झाल्या. "शाळा उघडली की बघू. नक्की बघू."

बाईंनी सरकारी दवाखान्यात फोन केला. मनोविकारांच्या डॉक्टरांची तारीख मिळाली ती पाच आठवड्यांनंतरची. खाजगी डॉक्टरांचं नाव त्यांनी टाचणीच्या आईला फोनवर सुचवलं. आई म्हणाली, "मला काय झालंय? थकवा आहे नुसता."

शेवटी बाईंनी एक गोष्ट केली. एका जाड कागदावर एक्केचाळीस चौकोन आखले, वर लिहिलं, 'सुट्टीतील उपक्रम, पालकांची रोजची सही आवश्यक', आणि खाली शाळेचा शिक्का मारला. शिक्का मारताना कारकुनाने भुवया उंचावल्या. बाई म्हणाल्या, "नवीन योजना आहे." टाचणीने कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून नेला. घडी पडू नये म्हणून.

"रोज सही झाली की मला फोन करशील?"

"रोज?" टाचणीने असं विचारलं, जणू तिला कुणी भलंमोठं बक्षीस देऊ केलं होतं.

रोज दहाच्या सुमाराला आईच्या मोबाइलवरून फोन यायचा. "झाली बाई." कधी पुढे जोड असायची. "आज अंडं खाल्लं." "आज खिडकी उघडली तर ओरडली नाही." सहाव्या दिवशी बाई स्वतःच त्यांच्या घरी गेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दारात धुतलेल्या चपला, खाली माना घातलेली कुंडीतली झाडं. आई टेबलापाशी बसली होती. केस विंचरलेले, ब्लाउजची बटणं नीट लावलेली.

"तुमची शाळा फार कडक बाई," ती म्हणाली. "सुट्टीतसुद्धा माझी हजेरी घेता."

बाई हसल्या. आईही हसली. टाचणी दोघींकडे आळीपाळीने बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर बाईंनी पहिल्यांदा लहान मूल पाहिलं. मशिनवरची चादर तशीच होती. तिच्यावर धूळ बसली होती. बाईंना ती दिसली. पण हसण्याच्या आनंदात त्यांनी तिच्यावरून नजर सरकू दिली, आणि घरी जाताना त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या दोन थांबे आधीच उतरून चालत गेल्या.

सतराव्या दिवशी बाई कपाट आवरत होत्या. फोन दहाला आला नाही. पावणेअकराला आला.

"बाई, गंमत सांगू? आईने आज सगळ्या सह्या करून टाकल्या. आजची, आणि पुढच्या चोवीस. म्हणाली, आता तुला रोज रोज माझ्या मागे लागायला नको."

बाईंच्या हातातली साडी खाली पडली.

"आई कुठे आहे?"

"घरी. मला दुकानात पाठवलंय. दुधाला, आणि रंगीत पेन्सिली घ्यायला. कुठल्या हव्यात त्या घे म्हणाली. फोन घेऊन जा म्हणाली."

"तू घराकडे पळ. नाही, थांब. शेजारच्या काकूंना गाठ, त्यांना म्हणावं लगेच आईकडे जा, दार वाजवा, उघडलं नाही तर तोडा. तू आत जाऊ नकोस. ऐकलंस? तू जाऊ नकोस."

बाईंनी रुग्णवाहिकेला फोन केला, पायात सापडतील त्या चपला घातल्या आणि टॅक्सी पकडली. वाटेत त्या टॅक्सीवाल्याला चारदा म्हणाल्या, "जरा लवकर." त्याने चारही वेळा आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

त्या पोचल्या तेव्हा आईला खाली आणत होते. शेजारच्या काकूंनी दार तोडायला लावलं होतं. आईने जे करायचं ठरवलं होतं ते ती करून बसली होती, पण श्वास चालू होता. टाचणी जिन्याच्या कठड्याला चिकटून उभी होती, हातात दुधाची पिशवी. बाईंनी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी ताठ होती.

आई तीन दिवस दवाखान्यात होती. शुद्धीवर आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि बाईंशी बोलले, कारण बोलायला दुसरं कुणी मोठं माणूस तिथे नव्हतं. बाबा दुपारी आले. भिंतीला टेकून खूप रडले, आणि संध्याकाळी टाचणीला आपल्या बहिणीकडे, तिच्या आत्याकडे, सोडून परत गेले. त्यांच्या घरी जागा नव्हती म्हणे.

सुट्टीचे शेवटचे चार दिवस राहिले होते तेव्हा बाई तिला भेटायला गेल्या. बसने तीन तास लागले. आत्याने दार उघडलं. मनाने वाईट नव्हती ती, थकलेली होती. तिला आठ महिन्यांचं बाळ होतं आणि आणखी दोन मुलं.

"शहाणी आहे हो पोर," आत्या म्हणाली. "कसला म्हणून त्रास नाही. उलट मलाच मदत होते. रडतसुद्धा नाही."

टाचणी बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरातून आली. ओझ्याने ती एका बाजूला कलली होती. बाळाचं तोंड पुसून तिने त्याला सतरंजीवर ठेवलं, ते घसरू नये म्हणून पाठीशी उशी लावली, आणि मग बसली. आत्या आत गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली,

"बाई, उद्याची सही उद्याच घ्यायची असते, हे मी तिला सांगायला हवं होतं."

"तुझी काही चूक नाही," बाई म्हणाल्या. "काहीच चूक नाही. तू तिला किती दिवस उठवलंस! चूक असेलच तर मोठ्या माणसांची. माझीसुद्धा."

"हो बाई," टाचणी म्हणाली. वर्गात फळ्यावरचं समजलं का विचारल्यावर म्हणतात, तसं.

आपलं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नाही, हे बाईंना कळलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि वाक्याच्या मध्येच त्यांना रडू आलं. इतकी वर्षं मुलांसमोर कधी रडायचं नाही हा त्यांचा नेम होता. तो मोडला. पदर तोंडाला लावून त्या तशाच बसून राहिल्या.

टाचणी उठली. आत जाऊन पेलाभर पाणी घेऊन आली आणि बाईंच्या हातात दिलं. पेला हातातून पडू नये म्हणून खालून तिने आपलाही हात धरून ठेवला.

"तुम्ही काही खाल्लंय का?" तिने विचारलं. "सकाळीच निघाला असाल ना? चहा करू? मला येतो."

बाईंना नको म्हणता येईना. स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला. बाळ कुरकुरायला लागलं. आतून टाचणी त्याच्याशी समजुतीच्या, मोठ्या माणसासारख्या सुरात बोलत राहिली. आले हं, आलेच, जरा थांब.

नव्या शाळेत तिचं नाव घातलं होतं. बाईंनी तिथे फोन करून विचारलं, तुमच्याकडे समुपदेशक आहे का. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, जागा मंजूर आहे, माणूस अजून मिळायचा आहे.