हाक आली तरच दार

मी एक थकलेली पेशी आहे, मित्रांनो. पत्ता विचाराल तर चाकणमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तनुजाचं उजवं अंडाशय. हा शब्द वाचून मागच्या बाकावर कुणी खुसखुसलं असेल, तर खुसखुसून घ्या. तुम्ही सगळे तिथूनच आलात. तुमचे सरसुद्धा.

माझं बालपण अंधारात गेलं. एका स्त्रीबीजाभोवती आम्ही बहिणी दाटीवाटीनं बसून त्याला जपायचो. आमच्यापर्यंत रक्ताची एक नळीसुद्धा पोचत नव्हती. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून हाक आली. हाक म्हणजे संप्रेरक, रक्तातून वाहत येणारा निरोप. आमची पिशवी फुटली, बीज बाहेर पडलं आणि सगळं कौतुक त्याच्याबरोबर निघून गेलं. आम्ही मागे उरलो आणि पिवळी गाठ होऊन बसलो; आता कुठे रक्ताच्या नळ्या आमच्यापर्यंत आल्या. खरं काम तिथून पुढे सुरू झालं.

काम एकच, प्रोजेस्टेरॉन बनवायचं. हे संप्रेरक गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. ते कमी पडलं की अस्तर गळतं आणि पाळी येते. त्या अस्तराला नुकताच एखादा गर्भ बिलगलेला असेल, तर तोही जातो. आणि प्रोजेस्टेरॉन बनतं कशापासून? कोलेस्टेरॉलपासून. होय, ज्याच्या नावानं तुमच्या घरी भजी बंद झाली, त्याच्यापासून.

हे कोलेस्टेरॉल रक्ताबरोबर माझ्या पुढ्यातून जात असतं, पण आत घ्यायला दार लागतं. त्या दाराला ग्राही म्हणतात आणि ते घडवायची कृती माझ्या पोटातल्या एका जनुकात आहे. एरवी आत पुरेसं कोलेस्टेरॉल झालं की हे जनुक गप्प बसतं. वरची हाक मात्र त्याला गप्प बसू देत नाही. हाक आली की जनुक जागं, दारं तयार. हाक थांबली की जनुक बंद, जुनी दारं मोडतात, नवी येत नाहीत. मग आम्ही बहिणी एकेक करून सुकतो.

ही भीती घेऊनच मी जगले.

तनुजा गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत जाते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सासू रुक्मिणीबाईंनी नातवंडाची आशा सोडली होती, तनुजानं नव्हती. तशात महालक्ष्म्या आल्या. रुक्मिणीबाई परभणीकडच्या. तिथं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांचा स्वयंपाक सुनेनं सोवळ्यात करायचा असतो.

"तनू, तारीख ऐन सणात यायली ना? गोळ्या घे बरं पुढं ढकलायच्या."

"घेते, आत्याबाई."

विचारलं कुणी काय चाललंय तिच्या पोटात? नाही. देवी घरात येणार म्हणून बाईच्या अंगाला कुलूप! मला याची चीड येते आणि मी ती लपवणार नाही.

गोळ्या रक्तात उतरल्या. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध होतं. मेंदूला वाटलं, माल भरपूर आहे. आधीच मंदावत चाललेली हाक आणखी हळू झाली. माझी दारं एकेक करून कमी होऊ लागली. शेजारची बहीण थरथरत होती. मी कान लावून बसले. काहीच नाही. मित्रांनो, कोलेस्टेरॉल अंगावरून वाहत जात होतं आणि मला ते आत ओढता येत नव्हतं.

आणि मग आली हाक! वरून नाही, खालून, गर्भाशयातून. आवाज कोवळा, वळण जरा वेगळं, पण माझ्या कानाला तीच भाषा. तिथं कुणीतरी बिलगलं होतं आणि जीव तोडून सांगत होतं, थांबू नकोस. माझं जनुक दचकून जागं झालं. दारं उघडली. मी कामाला लागले.

हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. सण झाला, गोळ्या संपल्या, पाळी काही येईना. घरमालकीण चिमाबाई दारात येऊन म्हणाली, "ग्वाळीनं अडली आसंल, ग्वाळीनंच मोकळी हुईल. मेडिकलवाल्याला इचार की." रुक्मिणीबाईंनी मान डोलावली. नवरा सुजित गेला आणि चिठ्ठीशिवाय, काही न विचारता गोळी घेऊन आला.

ती गर्भ पाडायची गोळी होती. तिचं काम ऐका. मी कितीही प्रोजेस्टेरॉन पाठवलं तरी गर्भाशयाला ते ओळखू येणार नाही. माझी दारं उघडी, माझं काम चालू आणि बिलगलेला जीव तरीही निसटणार. मला ओरडावंसं वाटत होतं. पेशीनं ओरडायचं कसं?

सकाळी कंपनीच्या बसमध्ये तनुजानं गोळी हातात घेतली. शेजारी मैत्रीण पुनम होती.

"कसली गं?"

"पाळी यायची."

"आणि दिवस गेले असतील तर?"

"कसे जातील? त्या ढकलायच्या गोळ्या नाही का खाल्ल्या?"

"अगं ए शहाणे! त्यांनी पाळी थांबते, पोर नाही थांबत! आण ती इकडं."

"अगं, पण सासूबाई..."

"सासूला मी बघते. आधी दिवस गेलेत का ते बघायची पट्टी लाव, मग काय गिळायचं ते गिळ."

तनुजाची मूठ घट्ट मिटलेली होती. शेवटी तिनं मूठ उघडली आणि गोळी पुनमच्या हातावर ठेवली.

पट्टीवर दोन रेघा आल्या, म्हणजे दिवस गेले होते. कंपनीच्या बाथरूममध्ये ती आधी हसली, मग हुंदके देऊन रडली. "मी गिळणार होते गं," एवढंच म्हणत राहिली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सणातल्या गोळ्यांची फार धास्ती नको, पण लक्ष ठेवू, म्हणाल्या. ती धास्ती आम्हा दोघींच्याही मनातून पूर्ण गेली नाही. बाळाचे ठोके ऐकू आले तेव्हा रुक्मिणीबाई खुर्चीवरून उठल्या आणि सुनेचा हात धरून उभ्या राहिल्या.

आता बाळाला पोसणारी वार तयार झाली आहे. प्रोजेस्टेरॉन तीच बनवते. मला येणारी हाक विरत चालली, जनुक गप्प झालं, दारं मोडली. मी सुकते आहे, ते ठरलेलंच होतं. काळजी वाटते ती तुमच्या ताया, माम्या, वहिन्यांची. त्यांच्या पोटातही माझ्यासारख्या कितीतरी जणी आत्ता हाकेकडे कान लावून बसल्या असतील आणि बाहेर कुणीतरी गोळी फोडत असेल.

मित्रांनो, घरात हे मोठ्यानं बोला. लाज वाटली तरी बोला. गोळी गिळण्याआधी डॉक्टरला विचारा. आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे.