महिपतीबुवाची नळी आणि झुंबरबाईच्या पाच शेळ्या

त्या सकाळी आमच्या भाजे गावच्या चावडीपुढं एवढी गर्दी, की मला ओट्यावर चढूनच बघावं लागलं! मधोमध महिपतीबुवा, मंत्रानं जनावरांचे रोग काढणारा. शेळीच्या कानाशी बोरूची नळी धरून गरजत होता, "निघ! सातव्या पाताळातली अवलाद, निघ!" त्यानं नळीत जोरात फुंकर मारली आणि समोरच्या ताटलीत टपाटप पांढरे किडे पडले. जिवंत, वळवळणारे!

"रोग भाईर पडला बगा!" आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या अंबाजीआबांनी हात जोडले.

शेळी होती शेजारच्या झुंबरबाईची. नवरा गेल्यापासून तिची चूल पाच शेळ्यांवरच पेटायची. महिन्याभरात पाचही रोडावल्या होत्या, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. बुवाचा हुकूम असा: आठ दिवस औषध द्यायचं नाही, चारा फक्त देवीच्या टाक्याखालच्या ओल्या खाचरातला, आणि जनावर मेलंच तर न फाडता पुरायचं. आज आठवा दिवस होता.

मी लोणावळ्याला मामांकडे राहून इंग्रजी चौथीत शिकते; नाताळच्या सुटीत आदल्या रात्रीच घरी आले होते. मामांच्या शेजारी गुरांचे डॉक्टर राहतात. त्यांच्या मागं मागं फिरून मी एक गोष्ट शिकलेय. शेळीची खालची पापणी ओढून बघायची; आत लाल असलं तर अंगात रक्त आहे. मी उडी मारली आणि पापणी ओढली. कागदासारखी पांढरी! पाचही शेळ्यांची तीच गत.

"झुंबरमावशी, रगात पिणारा किडा अजून आतच हाय!" मी ओरडले.

"रगात भरायला येळ लागतो, मुक्ते," बुवा हसला. "साळंत येवढंबी शिकीवलं न्हाई व्हय?"

लोक खदखदले. मला चेव चढला.

"मग आमच्या बोकडाचाबी काडा की!"

मी घरचा बोकड ओढत आणला. बुवानं त्याच्या मानेवर राख चोळली, नळी चोळली, डोळे फिरवले. "अरारा! ह्येच्यात तर लय जुनाट हाय!" फुंकर. किडे!

"आबा, आमचा बोकड आजारी हाय का वो?"

"छ्या! काल मलाच ढुशी दिली त्यानं," अंबाजीआबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता ताटलीतल्या किड्यांकडे बघू लागले.

तेवढ्यात मी नळी हिसकली आणि दगडावर आपटून फोडली. आत सडक्या पेरूचा गर भरलेला, गरात किडे बुजबुजलेले, तोंडाशी कडेला सरकवलेलं मेणाचं बूच. नळी चोळताना बुवा नखानं मेण सरकवायचा, मग फुंकरीसरशी किडे बाहेर. संपला चमत्कार!

"पाताळात पेरू पिकत्यात व्हय वो, बुवा?" गर्दीतली रतनबाई म्हणाली, आणि सगळी चावडी हसली. "देवी बगून घील तुमास्नी!" म्हणत बुवा धोतर सावरत पळाला.

केवढी फुशारले मी! दुपारच्या गाडीनं लोणावळ्याला जाऊन संध्याकाळी डॉक्टरांना घेऊनही आले. तोवर एक शेळी मेली होती, दुसरी उठत नव्हती. डॉक्टरांनी उरलेल्यांना औषध पाजलं, पण मान हलवली. मग मेलेली शेळी सर्वांसमोर फाडली. काळिजात, म्हणजे यकृतात, चपटे, पानासारखे किडे. नळीतल्या किड्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"हे पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, तिथून ओल्या गवताला चिकटतात. शेळी ते गवत खाते," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे बुवानं आठ दिवस रोगच चारला होता, वर औषधाचे दिवस खाल्ले होते.

चौथ्या दिवशी पाचवी शेळीही गेली.

"पोरीनं नळी फोडली, देवी कोपली," असं अंबाजीआबाच म्हणू लागले. काळीज त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं! बुवा आता पलीकडच्या आंदर मावळात आहे, नवी नळी घेऊन. गावातल्या दोघांनी आपल्या शेळ्या तिकडं नेल्या. मी वाटेत आडवी झाले, तर "सर बाजूला, अवदसे" म्हणाले.

झुंबरबाई रडली नाही. रेल्वेच्या खडी फोडायच्या कामावर निघताना एवढंच म्हणाली, "तितं डाक्तर हाय, ह्ये तुला ठावं हुतं. मला कुनी सांगितलंच न्हाई गं."

म्हणून हे लिहिते. आमच्या जवळच्या मळवली स्टेशनाहून लोणावळा एकच स्टेशन आहे, सकाळी चालत निघालात तरी दुपारपर्यंत पोचाल. शेळी रोडावली तर त्याच दिवशी निघा. मेली तर पुरू नका, फाडून बघा आणि शेजारणीलाही दाखवा. आणि ज्याला हे ठाऊक आहे, त्यानं ते सांगायला माझ्यासारखी सुटी लागायची वाट बघू नये.