दंतनाथाची धग

भागुबाई गेल्याची बातमी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात पोचली, तेव्हा दंतनाथ महाराज एका म्हातारीच्या तोंडात दात पेरत होता. भोवती माणसांची दाटी, उदाचा धूर, हातात घंटा.

“बी पेरलं की उगवतंय, मावशे. तसाच ह्यो दात. लागली का धग?”

“लागली, महाराज. जिभेला चटका बसला.”

“देव उतरला तुझ्या जबड्यात.”

कुणीतरी भागुबाईचं सांगितलं. महाराजाची घंटा थांबली नाही. “दात उपटायचं मनात आणलं आसंल तिनं. मी पेरलेल्या दाताला दुसऱ्याचा हात लागला, की घरातलं माणूस जातंय.”

हे बोलणं संध्याकाळपर्यंत कोंडिबाच्या दारात आलं. भागुबाई त्याची बायको. दोघांनी एकाच बाजारी दात पेरून घेतले होते, कोंडिबाच्या बहिणीनं, सोजराबाईनंही. भागुबाईचा जबडा सुजला, मग गळा. पाणीसुद्धा उतरेना. कोंडिबा डॉक्टरकडे चल म्हणाला, तर तिनं त्याचं मनगट धरलं.

“दात काढला आन् तुमास्नी काय झालं तर?”

शुद्ध हरपल्यावर तिला जीपमध्ये घातलं. वाटेतच श्वास थांबला.

तेरावा झाला आणि कोंडिबाची हिरडी ठणकू लागली. दाताच्या मुळाशी पू. तो कुणाला बोलला नाही. लेक चांगुणा दौंडहून आली होती, पोटुशी होती. तिनं बापाचा गाल बघितला आणि त्याला दौंडला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

खुर्चीवर बसल्यावर कोंडिबानं तोंड घट्ट मिटलं.

“आबा, उघडा की,” चांगुणा म्हणाली.

“माझं काय बी होऊ द्या. पोरीला दिवस गेल्यात, डाक्टर. तिला काय झालं तर?”

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग वाटीत पांढरी भुकटी घेतली, बाटलीतलं पाण्यासारखं औषध ओतलं, कालवलं आणि तो गोळा कोंडिबाच्या तळहातावर ठेवला.

कोंडिबा बघत राहिला. गोळा कोमट झाला, मग चांगलाच तापला. ना घंटा, ना मंत्र. आणि तो उग्र वास. बाजारात उदाच्या धुराखाली हाच वास होता. दात पेरले त्या रात्री भागुबाईच्या तोंडालाही हाच येत होता.

“कवळी करायची भुकटी आहे ही, आबा. कालवली की आपोआप तापते आणि घट्ट होते. देव-बिव काही नाही.”

“माझ्या बी हातावर ठिवा,” चांगुणा म्हणाली. गोळा तिनं मुठीत दाबून धरला. “बघा आबा. मला काय झालंय?”

कोंडिबानं तिच्या मुठीला हात लावून बघितला. मग त्यानं तोंड उघडलं.

डॉक्टरांनी भुलीची सुई दिली, हिरडी कापली आणि जे निघालं ते ताटलीत टाकलं. लाकडात मारतात तसला पितळी स्क्रू. त्यावर गोळा थापलेला, गोळ्यात कुणाचा तरी जुना दात.

“आधी बधिर करायचं औषध लावायचं आणि हा हाडात पिळायचा. धुतलेलासुद्धा नसतो. त्यानंच पू होतो. बाईंचंही तेच झालं असणार.”



काही महिन्यांनी चांगुणा सुखरूप बाळंत झाली. कोंडिबानं डॉक्टरांकडून थोडी भुकटी आणि बाटलीतलं औषध मागून आणलं, कालवलं आणि सोजराबाईच्या तळहातावर गोळा ठेवला.

“आगं बया, तापतंय की.”

“धग खरीच हाय, सोजरे. ती कुठनं आली, येवढं म्या आन् तुझ्या वयनीनं इचारलं न्हाई. तू तरी इचार.”

सोजराबाईनं गोळा खाली ठेवला आणि पदर तोंडावर धरला.

“पटतंय दादा. पर घरात नातवंडं हाईत.”

दंतनाथ अजून बाजारात बसतो. सोजराबाईचा दात काढायचा राहिला आहे.