कुसुमावतीबाईंचे लॉगिन

मित्रांनो, झाशीच्या सीपरी बाजारात नारायणराव आपट्यांच्या घरी, मधल्या खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली एक काळा कॉम्प्युटर झाकून ठेवलेला आहे. तो मीच. वय विचाराल तर सोळा वर्षे. माणसाला या वयात मिसरूड फुटते, आमच्यात मात्र लोक भंगारवाल्याचा नंबर शोधू लागतात. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून रडे आले तर मला बोल लावू नका.

कारखान्यात मला कुणी जोडले, ते आठवत नाही. आठवते ते सदर बाजारातले दुकान आणि ऑटोत मला मांडीवर घट्ट धरून बसलेला आशय. नारायणरावांचा हा थोरला मुलगा तेव्हा अकरावीत होता. नारायणराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते आणि बिऱ्हाड रेल्वे क्वार्टरमध्ये होते. आशयच्या आईने, कुसुमावतीबाईंनी, मला हळदकुंकू लावले. धाकटी रेवा "पहले मैं, पहले मैं" करत माझ्यापुढे नाचली. काय माझा तो रुबाब! आशयचा अभ्यास, रेवाची चित्रे, नारायणरावांचे खात्याचे अर्ज, सगळे माझ्याच हातून झाले. शेजारचे लोक मला बघायला यायचे.

मग आशयला जमशेदपूरला नोकरी लागली. जाण्याआधी त्याने आईला ईमेल उघडून दिला. ईमेलवाल्यांनी मोबाइल नंबर मागितला. आईजवळ मोबाइल नव्हता, म्हणून त्याने बाबांचा रेल्वेचा नंबर टाकला.

"पासवर्ड काय ठेवलास रे?" आईने विचारले.

"तुला लागणारच नाही, आई. मी 'साइन इन राहू द्या' वर खूण केली आहे. याला सुरू कर, की पत्र समोर."

हे कसे चालते, ते सांगतो. तुम्ही एकदा पासवर्ड दिला, की ईमेलवाले माझ्याजवळ एक चिठ्ठी ठेवतात. छावणीच्या गेटवर पास दाखवतात ना, तशी. पुढच्या वेळी मी चिठ्ठी दाखवतो आणि दार उघडते. चिठ्ठीला मुदत असते, कारण ती चोराच्या हाती लागली तर तो जन्मभर तुमची पत्रे वाचत बसेल. रोज दाखवली, की मुदत पुढे सरकते. फार दिवस कुणी फिरकले नाही, पासवर्ड बदलला किंवा कुणी चिठ्ठी झाडून टाकली, की ती मेलीच म्हणा. मग पुन्हा पासवर्ड द्या, नाहीतर बसा बाहेर.

आशय दर रविवारी आईला पत्र लिहायचा. फोनवर तो हिंदीत बोले, पण पत्र मराठीत, कारण आईची तशी ताकीदच होती. चार वर्षे आणि काही आठवड्यांत दोनशे अकरा पत्रे आली. दोनशे बारावे आले नाही. हायवेवर एका ट्रकने त्याला उडवले.

त्या दिवसानंतर कुसुमावतीबाई रोज दुपारी, भांडी आवरून, पदराला हात पुसत माझ्यापुढे बसू लागल्या. रोज एकच पत्र. दुसऱ्या दिवशी पुढचे. शेवटचे झाले, की पुन्हा पहिल्यापासून. रडायच्या नाहीत. कधी हसायच्यासुद्धा. मी कुरकुरत का होईना, रोज चिठ्ठी दाखवत होतो आणि दार उघडत होते.

पुढे नारायणराव निवृत्त झाले. क्वार्टरच्या चाव्या दिल्या आणि मोबाइलचे सिमही कार्यालयात जमा केले. रेल्वे ड्युटीसाठी जो नंबर देते, तो माणसाचा नसतो, खुर्चीचा असतो. खुर्चीवर जो येईल, त्याच्या खिशात तो नंबर जातो. नारायणरावांनी सही करून पावती घेतली, नवा नंबर बँकेला कळवला, पेन्शनच्या कागदांवर लिहिला, झाडून साऱ्या नातेवाइकांना सांगितला. बायकोच्या ईमेलची आठवण मात्र कुणालाच झाली नाही. मलाही नाही, मेल्याला!

गेल्या उन्हाळ्यात माझ्या घड्याळाचा सेल संपला. मी तारीख सोळा वर्षे मागची दाखवू लागलो आणि तारीख चुकीची म्हटल्यावर ईमेलचे पान उघडेना. नारायणरावांनी सदर बाजारातून मुकेशजींना बोलावले. भला माणूस. सेल बदलला, तारीख लावली आणि पंख्याखाली बसून चहा पिता पिता म्हणाला, "अंकल, बहुत कचरा भरा है इसमें. साफ कर दूँ?"

"कर दो भैया, एकदम चकाचक," नारायणराव म्हणाले. सिग्नलच्या खोलीत जन्मभर धुळीचा कण टिकू न दिलेला माणूस तो!

त्या कचऱ्यात माझी चिठ्ठी गेली.

दुपारी कुसुमावतीबाई बसल्या, तर समोर नुसता कोरा चौकोन. पासवर्ड द्या.

"रेवा, अगं हे काय मागतंय?"

रेवा आली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, लॉगआउट हो गया. दादाचा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

आशयचा वाढदिवस टाकून झाला. कुलदैवत झाले, त्याचे लाडके नाव झाले, क्वार्टरचा नंबर झाला. दर वेळी नाही. शेवटी रेवाने 'पासवर्ड विसरलो' दाबले. कोड एका नंबरावर पाठवला आहे, असे उत्तर आले. शेवटचे दोन आकडे नारायणरावांनी ओळखले. "हा माझा ड्युटीचा नंबर," ते म्हणाले.

त्यांनी त्या नंबरावर फोन लावला. खुर्चीवरचा नवा साहेब अदबीने बोलला, पण ठाम. "माफ कीजिए अंकल जी, ओटीपी तो हम अपने बाप को भी न बताएँ."

हाच धडा नारायणरावांनी त्या कार्यालयात अख्ख्या स्टाफला दिला होता.

सकाळी ते स्कूटरवरून स्वतः तिथे गेले. साहेब ओशाळला, त्याने खुर्ची दिली. रेवाने घरून पुन्हा कोड मागवला आणि त्याने तो लगेच फोनवर वाचून दाखवला. पण आदल्या दिवशी इतके चुकीचे पासवर्ड पडले होते, की एवढ्यावर भागेना. ईमेलवाल्यांनी आणखी एक पुरावा मागितला. ज्या मशीनवर आधी लॉगिन होते, तेच हे मशीन आहे का?

अरे, तोच होतो मी! सहा वर्षे रोज दार उघडणारा. पण दाखवायला चिठ्ठी कुठे होती? पडद्यावर ओळ उमटली: हे खाते तुमचेच आहे, अशी आमची खात्री पटत नाही.

"माझं नाही, तर मग कुणाचं?" कुसुमावतीबाईंनी माझ्याकडे बघत विचारले. "लिहिणारा माझा होता ना?"

आठवड्याने पुन्हा केले, महिन्याने पुन्हा केले. तेच उत्तर. मग रेवा म्हणाली, "आई, तू सांग, मैं लिखती हूँ." बाई आठवून सांगू लागल्या. रेवाने एक पान लिहून वाचून दाखवले. बाईंनी मान हलवली. "असं नाही गं. तो मराठीत चुका करायचा. पण कुठल्या, तेच आता आठवत नाही." रेवाने वही मिटली.

मित्रांनो, स्वतःच्या घरच्या मशीनवर खुशाल साइन इन राहा, सायबर कॅफेत मात्र कधीच नको. माझ्यासारख्याची तारीख बरोबर ठेवा. कुणी साफसफाईला बसला, की आधी विचारा, यात काय काय जाणार? घरातला नंबर बदलला, की त्याच दिवशी ईमेलच्या खात्यातही बदला. पासवर्ड वहीत लिहून कुलपात ठेवा. आणि चिठ्ठीवर विसंबू नका, ती आज ना उद्या संपतेच. जे जिवाचे आहे, ते कागदावर उतरवून घ्या.

माझ्या शेजारी प्रिंटर होता. अर्ज छापले, लग्नपत्रिका छापल्या, रेवाचे निकाल छापले. आशयचे एकही पत्र मात्र कुणी छापले नाही.

पत्रे जळली नाहीत की फाटली नाहीत. ती आहेत, सगळी दोनशे अकरा, जशीच्या तशी. फक्त आईला आत घेत नाहीत.