माशांचा उपास

आमच्या तळ्यातला मासा कोंडाजीमामानं दसऱ्याला तोंडात घातला आन् थुकला.

"ह्यो मासा हाय का गाळ? दाताखाली मांस न्हाई, नुस्ता कापूस!"

साळा सोडल्यापासनं मी भुकूमला मामाकडंच ऱ्हातो. तळं त्याचं, पण रोहूची पिल्लं आणून सोडली मी, कोंडा-पेंड घातली मी. माझं डोकंच फिरलं.

"पुसात भाताच्या झोडणीची इर्जिक हाय न्हवं? गाव राबाय यील, तवा मटाण करू नगंस. माझाच मासा वाढ!"

मामा म्हनला, "वाढतो. पण पानात टाकला कुनी, तर बांध फोडून तितं भात लावणार."

बोलून तर बसलो. मग रोज तळ्यावर जाऊन बघाय लागलो. ज्या अंगाला म्हशी डुंबत्यात, तितला मासा शिजवला की चिखलाचा वास यायचा. वरच्या अंगाला ओढा पडतो. तितला मासा दिसभर धारंत पवतो, त्याचं मांस घट्ट. आन् जाळ्यात लई तडफडला की कुटलाबी मासा मऊच. दसऱ्याला तर सगळी आळी आरडत तळ्यात उतरली हुती!

म्हनून इर्जिकीच्या चार दिस आदी मी आन् शेजारच्या भैरूनं ओढ्याच्या डोहाला कामट्यांचं कुंपाण घातलं आन् मोठं मोठं रोहू त्यात सोडलं. खायला कायबी न्हाई. वाहत्या पान्यात पोट धुऊन निघू दे, अंगातला वासबी जाऊ दे.

दुसऱ्याच दिशी बघतो, तर सारजामामी डोहात भात टाकतीया.

"मामे! कुनी सांगितलं तुला?"

"वरडू नगंस. आपल्या दारचा जीव उपाशी ठेवून देव पावतो व्हय रं? सोता दोनदा गिळतोस की!"

"तळं बुजलं तरी चालंल तुला?"

"बुजू दे. पाप नगं."

माझ्या हाताला दगूड लागला, तो मी लांब फेकला. मग म्हनलं, "एकादशीला तू जेवतीस?"

"न्हाई."

"मग तुला कोन पापी म्हनतंय का? ह्यांचाबी उपासच हाय."

मामीनं भाताची पाटी उचलली. "मग आदी तसं सांगायचं, मुडद्या. एकटं कशाला, मीबी धरते."

आन् खरंच धरला! ताकावर ऱ्हायली. कुनाचं पोरगं डोहाकडं फिरकलं, की काठी घिऊन उटायची. "उपास हाय त्यांचा, मोडशीला!"

इर्जिकीच्या सकाळी गलका न करता एकेक मासा झोळीत घेतला, डोस्क्यात एकच घाव. तडफड न्हाई. मामीनं चिच्च-मिरचीचं कालवण केलं.

झोडणी झाल्यावर मान्सं खळ्यावर पंगतीला बसली. गेणबा गावात थोरला, पैला घास त्याचा. चावत बसला, चावतच बसला.

"कोंडाजी, मुळा नदीवरनं आनला व्हय रं?"

"आपल्याच तळ्यातला हाय."

"मग वाढ की! हात का आकडलास?"

समदी हसली. पानात नुस्तं काटं उरलं. मामीबी उपास सोडून आत जेवाय बसली. मामा माझ्याकडं न बघता म्हनला, "बांध हातभर उचलून घिऊ. पानी जास्ती ऱ्हाईल."

"उद्या," मी म्हनलं, "आदी जेवू दे."