कोपऱ्यातली खूण

बुधवारी सकाळी दवाखान्यातून छापखान्यात फोन आला. मालक ब्रिंक्स यांनी तो घेतला आणि डोक्यावरची टोपी काढली. खिळे जुळवणाऱ्या हार्मेनला कळलं. त्याची बायको यांतीन गेली होती.

तो घरी गेला नाही. काळ्या किनारीचं शोकपत्र स्वतःच्या हातानं जुळवायला बसला. मेपेल गावात पत्र आल्याशिवाय कोणी कोणाच्या दफनाला जात नाही. दफन शनिवारी होतं. पाचच्या टपालगाडीत पत्रं पडली नाहीत, तर यांतीनला पोचवायला कुणी येणार नव्हतं.

दुपार कलली तेव्हा तो एका शब्दापाशी अडला. बेख्राफेनिसप्लेख्तिखहाइट. दफन आणि विधी सांधून केलेला एकच लांबलचक शब्द. ओळीत मावेना.

"अरे, ओळ भरली की तोड," ब्रिंक्स म्हणाले. "'प्लेख'पर्यंत अगदी फिट बसतंय. चूकही नाही."

"यांतीननं तोडू दिलं नसतं. जोडशब्द सांध्यावरच तोडायचा म्हणायची."

"मग ओळीला भगदाड पडेल."

"पडू दे, मालक."

यांतीन याच छापखान्यात मुद्रितं तपासायची. अडलेला शब्द ती शाळेतल्या पोरीसारखी बोटानं टेबलावर वाजवायची, एकेक तुकडा, एकेक ठोका, आणि सांध्यापाशी थांबायची. मग प्रुफाच्या कोपऱ्यात तिची पेन्सिलीची खूण. त्या खुणेवाचून इथं यंत्र फिरत नसे.

हार्मेननं शब्द सांध्यावर तोडला, प्रूफ काढलं, आणि ते हातात धरून उभाच राहिला. कोपरा कोरा होता.

पाकिटांवर पत्ते लिहीत बसलेली मेहुणी हिल्ले उठली. "काय झालं?"

"तपासायचं राहिलंय."

"गाडी सुटेल, हार्मेन! शनिवारी काय तू एकटाच तिला खांदा देणार?"

"खुणेशिवाय नाही छापायचं."

"ती असती ना, तर तुझ्या पाठीत पट्टी घातली असती! आण इकडे." हिल्लेनं प्रूफ ओढून घेतलं आणि तो शब्द टेबलावर वाजवला. बे, ख्रा, फे, निस. बोट थांबलं. दोघी बहिणी एकाच शाळेतल्या. थांबायची तऱ्हाही तीच. हार्मेननं तोंड फिरवलं.

"बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "पुढे चल."

ब्रिंक्सनी खूण करायला पेन्सिल उचलली. हार्मेननं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "नको, ती खूण तिचीच. यंत्र सोडा."

शाई पुरती वाळली नव्हती तरी पत्रं पाकिटांत गेली. हिल्ले टोपली घेऊन धावली. गाडीवाला दार लावतच होता, तिनं दारात पाय घातला.

शनिवारी सगळे आले. चर्चमध्ये बसायला जागा उरली नाही.

प्रूफ हार्मेनच्या जुळणीच्या टेबलावर टाचलेलं आहे. त्यावर खूण व्हायची राहिली आहे.